गर्जनेतून गाण्याकडे

१

वर्गात गोंगाट माजला म्हणजे नवा शिक्षक त्याहून मोठ्याने ओरडतो आणि जुना शिक्षक आवाज खाली आणतो. हे गुपित अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते पुष्कळ खडू झिजवल्यावरच उमगते. संगीताच्या इतिहासातही असाच एक प्रसंग घडून गेला आहे. चार तरुण होते. जगात सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत वेगाने वाजवणाऱ्यांत त्यांची गणना होत असे. आणि ऐन भरात असताना, वयाच्या सत्ताविशी-अठ्ठाविशीत, त्यांनी आपला आवाज खाली आणला. त्यापायी त्यांना कोट्यवधी नवे श्रोते लाभले आणि कित्येक जुन्या चाहत्यांनी त्यांना दगाबाज ठरवले. त्या चौघांच्या बँडचे नाव मेटॅलिका, आणि ही हकिकत १९९१ सालातल्या त्यांच्या एका गीतसंग्रहाची आहे.

अभ्यंगस्नान आटोपून, फराळाचे ताट पुढे ओढून हा अंक चाळणाऱ्या वाचकाला 'हेवी रॉक' हा विषय चिवड्यात खडा लागावा तसा वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादा तरी भाचा, पुतण्या किंवा नातू असा असतोच, की जो काळा सदरा घालून, दार लोटून, हेच संगीत ऐकत बसलेला असतो. आपण बाहेरून "अरे, कमी कर तो आवाज!" म्हणतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो. त्या बंद दारामागे नेमके काय चालले आहे, याची चौकशी सणासुदीला करण्यास हरकत नाही.

मुळात हा जड, काळवंडलेला आवाज जन्माला आला तोच एका जखमेतून. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवून पोट भरावे, या विचाराने त्याने ती नोकरी सोडायचे ठरवले होते. १९६५ साली, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा त्याचा हात तोच! दुसरा कोणी असता तर गिटार माळ्यावर गेली असती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे बोटांवर ताण येऊ नये म्हणून त्या तारा ढिल्या सोडून खालच्या सुरात लावल्या. त्या ढिल्या तारांतून जो खोल, घोगरा नाद निघाला, त्याने जगाला एक नवे संगीत दिले. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, आणि 'हेवी मेटल' या घराण्याची गंगोत्री बहुतेक जण तेथेच दाखवतात.

जखम झाकण्यासाठी केलेला आवाज, एवढे एक सूत्र वाचकांनी मनात धरून ठेवावे. पुढल्या कथेतही ते आहेच.

२

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८१ साली, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरी एका जाहिरातींच्या वर्तमानपत्रात एका ड्रमवादकाने जाहिरात दिली की, बरोबर वाजवायला साथीदार पाहिजेत. हा लार्स उलरिक. वय सतरा. मूळचा डेन्मार्कचा. त्याचे वडील टॉर्बन उलरिक हे डेव्हिस कपमध्ये डेन्मार्कतर्फे खेळलेले नामांकित टेनिसपटू, आणि जाझ संगीताचे मोठे दर्दी. मुलाने आपली गादी चालवावी म्हणून कुटुंब अमेरिकेत आले. परंतु नवव्या वर्षी कोपनहेगनला 'डीप पर्पल' या बँडचा जलसा ऐकल्यापासून या मुलाचे लक्ष रॅकेटवरून उडाले होते ते उडालेच.

जाहिरात वाचून जो आला तो जेम्स हेटफील्ड. गिटार वाजवणारा, अबोल, मान खाली घालून उभा राहणारा मुलगा. त्याची आई हलक्याफुलक्या ऑपेरा-नाटकांतून गाणारी. तिने त्याला लहानपणी पियानो शिकायला घातले होते. वडील मालवाहू मोटारींच्या धंद्यात. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. घराण्याची श्रद्धा अशा पंथावर होती, की जेथे आजारात वैद्याचे औषध न घेता प्रार्थनेवर भिस्त ठेवतात. तो सोळा वर्षांचा असताना आईला कर्करोगाने नेले. शाळेत अशी मुले शिक्षकाला ओळखू येतात. ती फार बोलत नाहीत, आणि बोलली तर मोठ्याने बोलतात.

या दोघांनी मिळून मेटॅलिका उभी केली. थोड्याच काळात त्यांना क्लिफ बर्टन नावाचा बास गिटार वाजवणारा तरुण भेटला. त्याने अट घातली, की मी तुमच्यात येतो, पण लॉस एंजेलिसला येणार नाही. तुम्हीच माझ्या मुलखात, सॅन फ्रान्सिस्कोकडे या. आणि हे उर्मट पोरे म्हणवणारे वीर १९८३ साली बिऱ्हाड गुंडाळून त्याच्याकडे गेले! त्याच वर्षी डेव्ह मस्टेन या गिटारवादकाला निरोप देऊन त्याच्या जागी कर्क हॅमेट आला. चौकडी पुरी झाली.

बर्टन हा त्या चौघांतला शिकलेला. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख हे त्याचे दैवत. एका सुरावर दुसरा सूर कसा बसवावा, दोन गिटारींनी एकच ओळ न वाजवता परस्परांना पूरक ओळी कशा वाजवाव्यात, हे त्याने इतरांना दाखवले. १९८३ च्या जुलैत त्यांची पहिली तबकडी 'किल 'एम ऑल' निघाली. तिच्यातली काही गाणी मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके पडतील इतक्या वेगाने धावतात. ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की, कोणी तरी पत्र्याच्या छपरावरून खडीची पाटी ओतली. पण दहादा ऐकल्यावर ध्यानात येते की, त्या खडीचा एक दगडही बेताल पडलेला नाही.

आता एक गंमत पाहा. हेटफील्डला आपण गायक आहोत असे मुळीच वाटत नव्हते. गिटार वाजवावी आणि गाण्याचे लोढणे दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधावे, अशी त्याची इच्छा होती. 'आर्मर्ड सेंट' या बँडच्या जॉन बुश या गायकाला विचारूनही झाले. तो आला नाही. म्हणून नाइलाजाने हा गात राहिला. गात राहिला म्हणजे ओरडत राहिला. ओरडण्यात एक सोय असते. सूर चुकला तरी कोणाला कळत नाही, आणि मनात काय आहे तेही कळत नाही.

३

मेटॅलिकाने १९९१ साली एकाएकी गोड गळा काढला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तितकेसे खरे नव्हे. १९८४ सालच्या जानेवारीत बॉस्टनला त्यांचे वाद्यसाहित्य चोरीला गेले. खिशात दमडी नाही, परमुलखात मुक्काम, आणि हेटफील्डचा जिवापाड जपलेला ध्वनिवर्धकही त्या चोरीत गेलेला. त्या खचलेल्या दिवसांतून 'फेड टू ब्लॅक' हे गाणे आले. ते एका साध्या, हळुवार, लाकडी गिटारीच्या सुरावटीने सुरू होते आणि जगण्याचा कंटाळा आलेल्या माणसाचे मन बोलू लागते. कोपनहेगनला ध्वनिमुद्रित झालेल्या दुसऱ्या तबकडीवर, 'राइड द लाइटनिंग'वर, ते आले. आणि त्याच दिवसापासून 'हे लोक विकले गेले!' अशी हाकाटी सुरू झाली. बँडला तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती.

मार्च १९८६ मध्ये तिसरी तबकडी 'मास्टर ऑफ पपेट्स' आली. वेग, रचना आणि सुरावट यांचा तोल तिच्यात असा साधला आहे की, जाणकार आजही तिला या घराण्यातील शिखरांत गणतात. सारे काही मनासारखे चालले होते, आणि नेमके तेव्हाच दैवाने डाव मोडला.

२७ सप्टेंबर १९८६ ची पहाट. स्वीडनमधून कोपनहेगनकडे त्यांची बस चालली होती. रात्री झोपण्याची चांगली जागा कोणाला, म्हणून बर्टन आणि हॅमेट यांनी पत्ते काढले, असे सांगतात. बर्टनने इस्पिकचा एक्का काढला आणि हॅमेटची जागा जिंकली. उजाडायच्या सुमारास बस रस्त्यावरून घसरली आणि उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकला जाऊन बसखाली सापडला. तो चोवीस वर्षांचा होता.

बाकीचे तिघे बाविशी-तेविशीतले. शोक कसा करावा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. महिन्याभरात त्यांनी जेसन न्यूस्टेड हा नवा बासवादक घेतला आणि काम पुढे चालू ठेवले. १९८८ साली 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा संग्रह निघाला. अन्याय, युद्ध, न्यायालये हे त्याचे विषय. नऊ गाणी आणि पासष्ट मिनिटे. शीर्षकगीतच पावणेदहा मिनिटांचे. एकेका गाण्यात इतकी वळणे, इतके लयबदल, की जणू पाटीवर मांडलेले अवघड त्रैराशिक! पण या संग्रहाची सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की, त्यात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. न्यूस्टेडने ती वाजवली होती; मिश्रण करताना ती दाबून टाकली. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. मला मात्र ते ऐकताना जेवणाच्या पंगतीत मोकळा ठेवलेला एक पाट दिसतो. नवा माणूस घरात आला आहे, पण त्या पाटावर त्याला अजून कोणी बसू देत नाही.

४

मग व्हायचे ते झाले. मोठमोठ्या सभागृहांत ही दहा-दहा मिनिटांची गाणी वाजवताना पुढच्या रांगेतले लोक जांभया देत आहेत, हे वाजवणाऱ्यांना दिसू लागले. हॅमेटने पुढे हे मोकळेपणी सांगितले आहे. तबकडी लाखांनी खपत होती आणि तरी काही तरी हरवले होते. अवघडपणाचे शिखर त्यांनी गाठले होते. तेथून पुढे आणखी अवघड होण्यात अर्थ नव्हता.

१९९० साली त्यांनी कॅनडाच्या बॉब रॉक या निर्मात्याला गाठले. हा निर्माता म्हणजे 'मॉटली क्रू' या, केसांच्या झुलपांबद्दल आणि रंगलेल्या चेहऱ्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या बँडची 'डॉ. फीलगुड' ही तबकडी करणारा. मेटॅलिकाचे कडवे चाहते त्या पंथाला मनापासून हसत. आपल्याकडे एखाद्या तालमीच्या पैलवानाने नाटकमंडळीच्या रंगभूषाकाराकडे शिकवणी लावावी, तसाच हा प्रकार! त्यांना रॉक फक्त ध्वनीच्या मिश्रणापुरता हवा होता. त्याने कळवले की, घेणार असाल तर मला पुरता घ्या; संग्रह मीच उभा करीन.

ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ असे आठ-नऊ महिने लॉस एंजेलिसच्या उत्तर हॉलिवूड भागातल्या ध्वनिमुद्रणगृहात हे काम चालले. खर्च सुमारे दहा लाख डॉलर झाला. मिश्रण तीनदा नव्याने करावे लागले. त्या अवधीत उलरिक, हॅमेट आणि न्यूस्टेड या तिघांचे संसार मोडले. रॉक आणि बँड यांच्यातल्या खडाजंगीचे चित्रण एका माहितीपटात झालेले आहे. ते पाहताना गोड गाण्यामागे इतकी कडू भांडणे असू शकतात, याचा अचंबा वाटतो. काम संपल्यावर, पुन्हा या लोकांचे तोंड पाहणार नाही, अशा अर्थाचे रॉक बोलून बसला. पुढे त्यानेच २००३ पर्यंत त्यांच्याबरोबर काम केले, ही गोष्ट निराळी.

रॉकने नेमके केले काय? पहिली गोष्ट, त्याने चौघांना एकत्र वाजवायला बसवले. तोवर एकेकाने आपापला भाग स्वतंत्र मुद्रित करायचा, असा त्यांचा प्रघात होता. रॉक म्हणाला की, एकमेकांकडे बघून वाजवा. दुसरी गोष्ट, त्याने बास गिटार वर आणली. मोकळ्या पाटावर न्यूस्टेड अखेर बसला. तिसरी गोष्ट म्हणजे, सगळी गाणी एकाच सुरात लावलेली आहेत, हे त्याने त्यांच्या नजरेस आणले. याहून खाली तुम्हाला जाता येत नाही काय, असे विचारल्यावर 'सॅड बट ट्रू' या गाण्यासाठी त्यांनी तारा आणखी ढिल्या केल्या. आयोमीने दुखऱ्या बोटांसाठी सोडलेल्या तारांची वाचकांना येथे आठवण होईल. गाणे हत्तीच्या चालीने चालू लागले. वेग कमी झाला आणि वजन वाढले.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाळणे. 'एंटर सँडमन' या गाण्याची कथा याबाबतीत मोठी बोलकी आहे. हॅमेटला एका रात्री उशिरा गिटारीवर एक तुकडा सुचला. त्याला एक मुख्य वळण होते आणि एक शेपूट होते. उलरिकने ऐकून सांगितले की, पहिले वळण तीनदा घे आणि मगच शेपूट लाव. बस्स, इतकेच! नवे काही घातले नाही; आहे तेच परत म्हटले. पूर्वीचा मेटॅलिका अशा तुकड्यावर आणखी आठ तुकडे रचता. आता एका तुकड्यावर सबंध गाणे उभे राहिले. पाश्चात्य बालकथांत मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना निजवणारा एक वाळूवाला असतो. तो येथे भयस्वप्ने घेऊन येतो. मध्ये निजण्यापूर्वीची प्रार्थना म्हणणारा बालस्वर आहे, तो रॉकच्याच मुलाचा. शब्द पहिल्यांदा फार भीषण झाले होते. रॉकने ते हेटफील्डला पुन्हा लिहावयास लावले. कोणताही मराठीचा शिक्षक निबंधाच्या वहीवर लाल शाईने जे लिहितो, तेच त्याने सांगितले, की याहून चांगले तुला येते.

परिणाम आकड्यांतही दिसतो. आधीच्या संग्रहात नऊ गाणी पासष्ट मिनिटांत होती. या संग्रहात बारा गाणी बासष्ट मिनिटांत बसली.

५

परंतु गाळण्याने गाणे सुटसुटीत होते, मधुर होत नाही. त्यासाठी गाणाऱ्याला काही तरी द्यावे लागते.

हेटफील्ड एके दिवशी दूरध्वनीवर आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. दौऱ्यावर राहून राहून घराची ओढ लागलेली. डावा हात फोनमध्ये अडकलेला, तेव्हा गिटारीच्या तारा दाबायला हात नव्हता. उजव्या हाताने तो मोकळ्या तारा नुसत्या छेडत बसला. खालचा षड्ज, कोमल गंधार, पंचम, वरचा षड्ज. आपल्याकडच्या कानाला ते स्वर अगदी ओळखीचे वाटतील. ठेकाही सहा मात्रांचा. दादऱ्याच्या झुल्यावर गाणे हलते. त्यातून 'नथिंग एल्स मॅटर्स' निर्माण झाले. दूर असलो तरी जवळच आहोत, बाकी कशाची मातब्बरी नाही, असा त्याचा आशय. या गाण्याची खुबी हीच की, ते अडकलेल्या हाताचे गाणे आहे. जगातला एक अत्यंत चपळ गिटारवादक क्षणभर काहीच करू शकत नव्हता, आणि नेमके तेव्हाच त्याला हे सुचले.

हे गाणे जगापुढे आणावे असे त्याच्या मनात नव्हते. ते खासगी होते. मेटॅलिकाचे ते नव्हेच, असे त्याला वाटे. उलरिकने ऐकले आणि त्याने आग्रह धरला. मुद्रणात हॅमेटची गिटार नाहीच. मधला गिटारीचा एकट्याचा भागही हेटफील्डनेच वाजवला. जणू या पत्रावर दुसऱ्याचे अक्षर नको होते. मग रॉकच्या सूचनेवरून मायकेल केमन या संगीतकाराकडे ते पाठवले गेले. 'पिंक फ्लॉइड'च्या 'द वॉल'ला वाद्यवृंदाची साथ रचणारा तो हाच. त्याने व्हायोलिनांचा पदर जोडला. बँडने तो जरा भीतभीतच, हलका ठेवून वापरला.

आणि आवाज? दहा वर्षे जो मुलगा गायक होणे टाळत होता, तो अखेर गायला. याच सुमारास दुसऱ्या एका गाण्याच्या मुद्रणात त्याचा गळा बसला आणि पुढे त्याला गाण्याच्या शिक्षकाकडे जाऊन रीतसर स्वरांचा अभ्यास करावा लागला. ऑपेरा गाणाऱ्या आईचा मुलगा अखेर सा-रे-ग-म च्या पाटावर येऊन बसला! त्याच संग्रहात आईच्या मृत्यूवर आणि त्या औषध नाकारणाऱ्या श्रद्धेवर लिहिलेले एक गाणे आहे, 'द गॉड दॅट फेल्ड'. पूर्वीच्या संग्रहात तो न्यायालयांवर चिडला होता; आता तो आपल्या घराबद्दल बोलू लागला होता.

'द अनफरगिव्हन' या गाण्यात तर त्यांनी आपलाच जुना साचा उलटा केला. पूर्वी कडवे हळू आणि ध्रुपद गडगडाटी, असा रिवाज होता. येथे कडवे जड, आणि ध्रुपद आले की सारे निवळते, गिटार मृदू होते, आवाज जवळ येतो. लहानपणापासून दुसऱ्यांनी घालून दिलेल्या नियमांत ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाची ती व्यथा आहे. असा माणूस तरुणपणी ओरडतो आणि वय झाल्यावर हळू बोलतो. म्हणून ती उलटापालट कसरत न वाटता खरी वाटते.

६

१२ ऑगस्ट १९९१ रोजी हा संग्रह बाहेर आला. नाव फक्त 'मेटॅलिका'. वेष्टण इतके काळे की, त्यावरचा वेटोळे घातलेला साप तिरपे धरल्याशिवाय दिसू नये. म्हणून लोक त्याला 'ब्लॅक अल्बम' म्हणू लागले. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सहा लाखांच्या घरात प्रती खपल्या. त्याच वर्षापासून तेथे दुकानांतील विक्रीची यंत्राने मोजदाद होऊ लागली. त्या मोजदादीत २०१४ पर्यंत १ कोटी ६० लाख प्रतींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला संग्रह ठरला.

आणि जुने चाहते? त्यांच्या मते हा शुद्ध व्यापार होता. दहा लाख डॉलर ओतले, रेडिओवर चालेल असा निर्माता आणला, गाणी तोकडी केली, वेग मारला. आणखी पुरावा कशाला हवा? हा आरोप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोठा श्रोतृवर्ग त्यांना हवाच होता आणि उलरिकने तो कधी लपवलाही नाही. शिवाय जे गेले तेही लहान नव्हते. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची ती भव्य बांधणी, तो बेभान वेग, ज्या एकाकी मुलांनी जीव लावून ऐकला होता, त्यांना एकाएकी आपल्या गुप्त खोलीत साऱ्या गावाचे पाहुणे आल्यासारखे झाले. आपली वस्तू सर्वांची झाली म्हणजे तिचे सुख कमी होते, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढे १९९६ साली 'लोड' हा संग्रह आला तेव्हा चौघांनी लांब केसही कापले होते, आणि केसांवरून जेवढा गदारोळ झाला तेवढा गाण्यांवरूनही झाला नसेल!

तरीही मला वाटते की, व्यापाराच्या हिशेबाने या संग्रहाचा सगळा उलगडा होत नाही. ज्याला केवळ बाजार गाठायचा असतो तो आपले हमखास मधुर गाणे आधी पुढे करतो. येथे तर गाणाराच ते दडवून बसला होता. ज्याला सोपे व्हायचे असते तो भांडत नाही. येथे सोप्या गाण्यासाठी नऊ महिने भांडणे झाली. सोपे लिहिणे अवघड असते, हे लेखणी धरणाऱ्याला सांगावे लागत नाही. समासांच्या लडी लावून वाचकाला दडपता येते. 'मला घरची आठवण येते' हे चारच शब्द असे लिहायचे की कोणी हसू नये, याला मात्र धैर्य लागते. अवघड वादनामागे त्यांना लपता येत होते. या बासष्ट मिनिटांत त्यांनी ती जागा सोडून दिली. पैसा मिळाला, अमाप मिळाला; पण तो त्या धैर्यामागून आला, असे मी मानतो.

काळानेही काही निवाडा केला आहे. एप्रिल १९९९ मध्ये बर्कली येथे सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या नामांकित वाद्यवृंदाबरोबर त्यांनी दोन रात्री जलसा केला. संचालक तोच केमन. व्हायोलिनांना आता भीतभीत दबून राहावे लागले नाही. वेगही त्यांनी कायमचा टाकला नाही. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तो पुन्हा धावतो. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगलोरच्या पॅलेस मैदानावर ते भारतातल्या श्रोत्यांपुढे उभे राहिले. आणि २०२१ साली, या संग्रहाला तीस वर्षे झाली म्हणून, त्यातली गाणी आपापल्या ढंगाने म्हणण्यासाठी त्रेपन्न कलावंत व मंडळ्या एकत्र आल्या. 'नथिंग एल्स मॅटर्स' बारा जणांनी बारा तऱ्हांनी घेतले. इगोर लेव्हिट या पियानोवादकाने तर ते शब्दांवाचून नुसत्या पियानोवर वाजवले. 'द अनफरगिव्हन' घेणाऱ्यांत आपल्या मुंबईचे विशाल ददलानी, 'डिव्हाइन' आणि 'शोर पोलीस' होते. एका अबोल अमेरिकन मुलाची व्यथा मुंबईच्या गळ्यांतून निघाली आणि परकी वाटली नाही. नुसता गडगडाट असता तर तो दुसऱ्याला उसना घेता आला नसता. सुरावट मात्र उसनी घेता येते, शेजारणीकडून विरजण न्यावे तशी.

या इतिहासातला एक प्रसंग सांगावयाचा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हा बँड आणि तोच वाद्यवृंद वीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले. मध्येच बँडचे लोक बाजूला झाले आणि वाद्यवृंदातला मुख्य डबल-बासवादक एकटा पुढे आला. त्याने १९८३ च्या पहिल्या तबकडीवरचा क्लिफ बर्टनचा बास गिटारीचा एकलवादनाचा तुकडा आपल्या उभ्या वाद्यावर वाजवायला सुरुवात केली. तीच घोगरी गर्जना, तोच तरुण दांडगटपणा. आणि त्याच्या आत पहिल्यापासून दडलेला बाखच्या शिष्याचा सूर. तो सूर बाहेरून कोणी आणून बसवला नव्हता. तो गर्जनेच्या पोटातच होता. चोवीस वर्षांचा एक मुलगा तो तेथे ठेवून गेला होता, आणि त्याच्या मित्रांना तो ऐकू यायला थोडी वर्षे लागली, इतकेच.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत त्या लोटलेल्या दारावर टकटक करा. आवाज कमी कर म्हणू नका. "ते सहा मात्रांचे गाणे लाव पाहू" म्हणा. मुलगा चकित होईल, आणि बहुधा बसायला जागाही करील.